पंक्तिप्रपंच की परवडणारी किंमत? : डिजिटल व्हिडिओ गेम-विक्रीतील प्रादेशिक मूल्यभेद आणि ग्राहकविश्वास

बीजशब्द : प्रादेशिक किंमत-आकारणी, मूल्यभेद, क्रयशक्ती, परवाना, ग्राहकविश्वास, स्टीम, गॉग

प्रस्तावना

एकाच पंगतीत बसलेल्या दोघांना वेगवेगळे वाढणे याला मराठीत पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तसे करणाऱ्या यजमानाविषयी कोणी चांगले बोलत नाही. या शब्दात एक अट मात्र गृहीत धरलेली आहे. दोघांची पाने एकमेकांना दिसली पाहिजेत. मुंबईतील दुकानात एखाद्या वस्तूचा जो भाव असे तोच बर्लिनमधील दुकानात नसे, याचे विसाव्या शतकातील सामान्य ग्राहकाला सोयरसुतक नव्हते. दुसऱ्याचे पान त्याला दिसत नव्हते. आणि दिसले असते तरी वाहतूक, आयातकर, दुकानाचे भाडे ही समजण्याजोगी कारणे हाताशी होती. संगणकावरील व्हिडिओ गेमची विक्री इंटरनेटवरून होऊ लागली तेव्हा ही दोन्ही आवरणे गळून पडली. वस्तूला वजन उरले नाही, जहाज उरले नाही, गोदाम उरले नाही. सर्व देशांतील ग्राहक एकाच पंगतीत आले आणि प्रत्येकाला शेजाऱ्याचे पान दिसू लागले.

व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २००३ साली स्टीम ही सेवा सुरू केली आणि २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ हा गेम खेळण्यासाठी ती अनिवार्य केली. आज स्टीमवर पस्तीसहून अधिक चलनांत किमती लावता येतात. म्हणजे एकच गेम, त्याची एकच संगणकीय धारिका, आणि तिच्या तीन डझनांहून अधिक किमती. ही व्यवस्था न्याय्य आहे की अन्याय्य, असा सरळ प्रश्न विचारल्यास सरळ उत्तर मिळत नाही. गरीब देशातील ग्राहकाला कमी किमतीत वस्तू मिळणे हे वरकरणी औदार्य दिसते, तर श्रीमंत देशातील ग्राहकाला तीच गोष्ट आपल्यावर लादलेला अधिभार वाटते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेची चिकित्सा किमतीच्या आकड्यांवरून न करता, त्या आकड्यांसाठी दुकाने जी कारणे देतात त्यांच्या आधारे केली आहे. ग्राहकविश्वासाचा प्रश्न किमतीच्या समानतेपेक्षा कारणांच्या सुसंगतीशी अधिक निगडित आहे, अशी या विवेचनाची भूमिका आहे.

सिद्धांत आणि त्यातील गृहीतके

अर्थशास्त्राने या व्यवहाराला फार पूर्वीच नाव दिले आहे. ए. सी. पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात मूल्यभेदाच्या तीन श्रेणी सांगितल्या. ग्राहकांचे ओळखता येण्याजोगे गट पाडून प्रत्येक गटाला निराळी किंमत लावणे ही तिसरी श्रेणी होय. विद्यार्थ्यांना रेल्वेत मिळणारी सवलत या श्रेणीत मोडते आणि प्रादेशिक किंमतही मोडते. हाल व्हेरियन यांनी १९८५ मध्ये असे दाखविले की, या प्रकारच्या मूल्यभेदाने समाजाचे एकूण कल्याण वाढायचे असेल तर एकूण विक्री वाढणे आवश्यक आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत ही अट पुरी होण्याची शक्यता बरीच असते. गेमची आणखी एक प्रत विकण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि साठ डॉलरला जो गेम घेणे पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला शक्य नसते तो तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळाला तर एक ग्राहक नव्याने निर्माण होतो. अन्यथा तो विद्यार्थी पदपथावरच्या नकली सीडीकडे किंवा तिच्या आजच्या अवताराकडे वळतो. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये रशियाचे उदाहरण देऊन हाच मुद्दा मांडला होता. चोरट्या प्रतींचा प्रश्न मुख्यतः चांगल्या सेवेच्या अभावाचा आहे आणि सेवा सुधारली की ज्या बाजारपेठेला इतर कंपन्या निरुपयोगी समजतात तीच मोठी होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

येथपर्यंत सिद्धांत निर्दोष आहे. परंतु त्यात दोन गृहीतके आहेत : गट एकमेकांपासून वेगळे ठेवता आले पाहिजेत आणि स्वस्तात घेणाऱ्याला महाग बाजारात पुनर्विक्री करता येऊ नये. छापील वस्तूंच्या काळात हे काम बऱ्याच अंशी समुद्र करीत असे. पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आशियाई आवृत्त्या महाविद्यालयीन अध्यापकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या मुखपृष्ठावर ठराविक देशांबाहेर विक्रीस मनाई असल्याची सूचना छापलेली असते. अमेरिकेत शिकणाऱ्या सुपाप कर्टसेंग या थाई विद्यार्थ्याने नातेवाइकांकरवी थायलंडमधून अशी पुस्तके मागवून अमेरिकेत विकली आणि वायली या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर दावा लावला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, परदेशात कायदेशीरपणे छापलेली प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही. प्रकाशकाचे कुंपण न्यायालयाने मान्य केले नाही.

योगायोग असा की, त्यापूर्वी सहा वर्षे याच थायलंडवरून व्हिडिओ गेमच्या जगात अगदी उलट घडले होते. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘द ऑरेंज बॉक्स’ हा गेमसंच प्रसिद्ध झाला. थायलंडमधील विक्रेत्यांकडून तो स्वस्तात मागविणाऱ्या इतर देशांतील ग्राहकांच्या प्रती व्हॉल्व्हने निष्क्रिय केल्या. ग्राहकाने पैसे मोजले होते, प्रत अस्सल होती, चोरीचा प्रश्न नव्हता. तरीही ती प्रत चालेनाशी झाली. कर्टसेंगच्या पुस्तकांपाशी जाऊन ती कोरी करणे वायलीला शक्य नव्हते. गेमच्या बाबतीत हे शक्य असते, कारण ग्राहक जे विकत घेतो ते पुस्तकासारखी वस्तू नसून वापराचा परवाना असतो. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून ही बाब खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगणे दुकानांवर बंधनकारक केले. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. सीमा राखण्याचे जे काम पूर्वी समुद्र, जकात व अंतर करीत असे ते आता करारातील कलम करते. अंतराबद्दल कोणी रागावत नाही; कलमाबद्दल मात्र ते कोणी लिहिले हा प्रश्न उभा राहतोच.

किंमत आणि तिचे कारण

डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९८६ मधील अभ्यास या संदर्भात अजूनही उपयुक्त आहे. हिमवादळानंतरच्या सकाळी दुकानदाराने बर्फ उपसण्याच्या फावड्याची किंमत १५ डॉलरवरून २० डॉलर केली तर ते कसे, असे त्यांनी विचारले असता ८२ टक्के लोकांनी ते अन्याय्य ठरविले. दुकानदाराचा खर्च वाढल्यामुळे भाव वाढला तर मात्र लोक तो सहसा मान्य करतात, असेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणजे भाव वाढला यापेक्षा तो कोणत्या निमित्ताने वाढला याकडे ग्राहकाचे लक्ष असते.

डिसेंबर २००८ मध्ये स्टीमने युरोपीय ग्राहकांसाठी युरोमध्ये किमती दाखविण्यास सुरुवात केली. अनेक गेमच्या किमतीत आकडा तोच राहिला, फक्त डॉलरच्या जागी युरोचे चिन्ह आले. त्या वेळी एका युरोचे मोल सव्वा डॉलरहून अधिक होते. या बदलाच्या समर्थनार्थ काही बोलता आले नसते असे नाही. युरोपातील किमतीत मूल्यवर्धित कर अंतर्भूत असतो, अमेरिकेतील जाहीर किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तफावतीचा काही भाग या कारणाने समजावता येतो. परंतु दुकानाने हा हिशेब ग्राहकापुढे मांडला नाही. चिन्ह बदलून आकडा तोच ठेवणे ही स्थानिक चलनाची सोय म्हणून सादर झाली आणि ग्राहकांनी तिचा अर्थ भाववाढ असा लावला. तो अर्थ सर्वस्वी बरोबर नसला तरी दुकानाच्या मौनातून तोच निघत होता.

‘एक जग, एक किंमत’ या वचनाची कसोटी

या साऱ्या इतिहासात सर्वाधिक बोधक प्रकरण गॉग या दुकानाचे आहे. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट समूहाने २००८ मध्ये ते सुरू केले. जुने गेम, कोणत्याही संगणकीय कुलपाविना, जगभर एकाच किमतीला, ही त्याची ओळख होती. येथे समान किंमत हा हिशेबाचा भाग नव्हता, ते तत्त्व म्हणून सांगितले जात होते आणि ग्राहकांनी ते तसेच स्वीकारले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये गॉगने जाहीर केले की, काही नव्या मोठ्या गेमच्या बाबतीत प्रकाशकांच्या आग्रहामुळे प्रादेशिक किमती स्वीकाराव्या लागतील. यावर एवढा क्षोभ झाला की पुढच्याच महिन्यात माघार घ्यावी लागली. ऑगस्ट २०१४ मध्ये मधला मार्ग निघाला. स्थानिक चलनांतील किमती आल्या, आणि अमेरिकेपेक्षा जास्त किंमत पडणाऱ्या ग्राहकाला फरकाची रक्कम दुकानातील जमा म्हणून परत देण्याची ‘न्याय्य किंमत’ योजना सुरू झाली. ३१ मार्च २०१९ रोजी ती बंद करण्यात आली. गेमनिर्मात्यांना द्यावा लागणारा वाटा वाढल्याने फरकाचा भार स्वतःच्या हिश्श्यातून सोसणे आता परवडत नाही, असे कारण दुकानाने दिले.

या प्रकरणाकडे सामान्यतः तत्त्वनिष्ठ दुकानाचा बाजारापुढे झालेला पराभव म्हणून पाहिले जाते. हे वाचन अपुरे आहे. पहिली गोष्ट अशी की, गॉगने योजना बंद करताना दिलेले कारण साधे, खर्चाचे आणि खरे वाटणारे होते; कानेमान प्रभृतींच्या निकषावर ते टिकते. कटुता निर्माण झाली ती तत्त्व म्हणून सांगितलेली गोष्ट ताळेबंदातील बाब ठरल्यामुळे. जे वचन परवडेल तोवरच पाळायचे होते ते तसे सांगितले गेले असते तर त्याच्या समाप्तीचा एवढा गवगवा झाला नसता.

दुसरी गोष्ट भारतीय वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष दिले गेले. ‘एक जग, एक किंमत’ या घोषणेतील ती एक किंमत कोणाची होती? ती डॉलरमधील, अमेरिकन ग्राहकाच्या मिळकतीला साजेशी किंमत होती. भरपाईही अमेरिकेपेक्षा अधिक मोजणाऱ्यालाच मिळत असे. जर्मनीतील ग्राहकाला त्यामुळे न्याय मिळाला. परंतु अमेरिकेइतकीच किंमत ज्याच्या आठवड्याच्या मिळकतीला गिळते त्या भारतातील किंवा व्हिएतनाममधील ग्राहकाला ‘न्याय्य किंमत’ या शब्दांत काहीच स्थान नव्हते. पंक्तिप्रपंच टाळण्यासाठी सर्वांना सारखे वाढायचे ठरविले, पण ताटाचे माप मात्र एकाच पाहुण्याच्या भुकेवरून घेतले. समान किंमत आणि समान परवड या दोन भिन्न गोष्टी आहेत. समान किमतीच्या आग्रहामागील नैतिक बळ मुख्यतः श्रीमंत देशांतील ग्राहकांच्या तक्रारीतून आलेले आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

कुंपणाची वाढती उंची

गरीब बाजारपेठेत किंमत कमी ठेवायची तर कुंपण लागते, आणि त्या कुंपणाचा काच प्रामाणिक ग्राहकालाही बसतो. डिसेंबर २०१४ मध्ये रूबल कोसळला तेव्हा रशियातील किमती इतरांच्या तुलनेत अत्यल्प झाल्या आणि स्टीमने तेथून बाहेर भेटी पाठविण्यावर निर्बंध घातले. मे २०१७ मध्ये भेटींची पद्धतच बदलली. दोन देशांतील किमतींत मोठी तफावत असल्यास भेट पोचत नाही. कोल्हापुरातील बहिणीला कॅलिफोर्नियातील भावाच्या वाढदिवशी एखादा गेम पाठवायचा झाल्यास तिला याच नियमाची अडचण येते. २०२१ मध्ये खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असे ठरले. या प्रत्येक नियमामागे पुनर्विक्री रोखण्याचा समंजस हेतू आहे, आणि तरीही प्रत्येक नियमाने ग्राहकाला संशयिताच्या जागी थोडे अधिक ढकलले आहे.

अर्जेंटिना आणि तुर्कस्तान यांच्या प्रकरणात ही ओढाताण टोकाला गेली. तुर्कस्तानात ऑक्टोबर २०२२ मध्ये वार्षिक चलनवाढ ८५ टक्क्यांवर होती. अर्जेंटिनात २०२३ अखेर ती २०० टक्क्यांहून अधिक झाली. पेसो आणि लिरा यांतील किमती महिन्या-महिन्याला निरर्थक होत होत्या. परदेशातील अनेक जण या देशांत खाते दाखवून स्वस्तात खरेदी करू लागले. व्हॉल्व्हने २० नोव्हेंबर २०२३ पासून दोन्ही देशांत स्थानिक चलन बंद केले आणि त्यांना अनुक्रमे लॅटिन अमेरिका व मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका या डॉलर-गटांत घातले. विनिमयदरातील अस्थिरतेमुळे निर्मात्यांना योग्य किंमत ठरविणे अशक्य होते, हे दिलेले कारण खोटे नव्हते. परंतु परिणाम असा झाला की, अनेक गेमच्या किमती एका दिवसात कित्येक पटींनी वाढल्या आणि ज्याची मिळकत पेसोतच राहिली होती त्या ग्राहकाला चलन घसरण्याचा तडाखा दोनदा बसला. परक्यांनी केलेल्या गैरवापराची किंमत स्थानिकांनी मोजली. गरीब देशाची सवलत ही त्या देशाच्या नागरिकांचा हक्क आहे की दुकानाची मर्जी, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले.

किंमत प्रत्यक्षात कोण ठरवितो, हाही येथे गोंधळाचा मुद्दा आहे. स्टीमवर अंतिम किंमत प्रकाशक ठरवितो. व्हॉल्व्ह केवळ डॉलर-किमतीशी जुळणाऱ्या सुचविलेल्या किमतींचा तक्ता पुरवितो. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा तक्ता सुधारताना विनिमयदराबरोबर क्रयशक्ती आणि ग्राहक-किंमत निर्देशांक यांचाही विचार केल्याचे कंपनीने सांगितले. हेतू चांगला, पण तक्ता एका विशिष्ट महिन्याचा होता. त्या सुमारास एका डॉलरला सुमारे पाच झ्लॉटी पडत होते. पुढील वर्षी झ्लॉटी सावरून चारच्या आसपास आला, तक्ता मात्र तेथेच राहिला. परिणामी अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी मिळकत असलेला पोलिश ग्राहक अनेक गेमसाठी अमेरिकन ग्राहकापेक्षा जास्त पैसे मोजू लागला. क्रयशक्तीच्या नावाने सुरू झालेली व्यवस्था क्रयशक्तीच्या नेमकी विरुद्ध गेली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता; तक्ता पुन्हा पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, एवढेच.

पोलंडचे नाव आणखी एका ठिकाणी येते. २० जानेवारी २०२१ रोजी युरोपीय आयोगाने व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशक यांना एकत्रित ७८ लाख युरोंचा दंड केला. त्यात व्हॉल्व्हचा वाटा १६ लाखांहून थोडा अधिक होता. पोलंड, चेकिया, हंगेरी, रुमानिया यांसारख्या देशांत स्वस्तात विकलेल्या सुमारे शंभर गेमच्या ॲक्टिव्हेशन की इतर युरोपीय देशांत चालू नयेत अशी तजवीज त्यांनी केली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने व्हॉल्व्हचे अपील फेटाळले. एकल बाजारपेठेच्या तर्काने हा निर्णय बरोबर आहे. मात्र कुंपण घालण्यास मनाई झाली की प्रकाशकापुढे उरणारा सोपा पर्याय म्हणजे सर्वत्र वरची किंमत लावणे, याचा विचार त्या तर्कात बसत नाही. बर्लिनच्या ग्राहकाचा हक्क शाबूत राहतो आणि बुखारेस्टच्या ग्राहकाची सवलत धोक्यात येते.

छापील किमतीच्या देशात

स्टीमवर भारतीय रुपयातील किमती २०१५ मध्ये सुरू झाल्या. भारतीय ग्राहकाची पार्श्वभूमी येथे निराळी आहे. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत, म्हणजे व्यवहारातील ‘एमआरपी’, हे त्याच्या विश्वासाचे जुने साधन आहे. बिस्किटाचा पुडा गडचिरोलीत घेतला काय नि दादरला घेतला काय, छापील आकड्यापेक्षा अधिक द्यायचे नाही, हे लहान मुलालाही कळते. एकाच वेष्टित वस्तूवर निर्बंधात्मक वा अनुचित मार्गाने दोन निरनिराळ्या छापील किमती लावण्यास १ जानेवारी २०१८ पासून वैधमापन नियमांनी मनाई केली. डिजिटल गेमला वेष्टन नाही, त्यामुळे छापील किंमतही नाही. ग्राहकापुढे पडद्यावर दिसणारा आजचा आकडा तेवढा असतो. तो उद्या का बदलला हे विचारण्यासाठी समोर दुकानदारही नसतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे डिजिटल उत्पादनांना आणि भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू होतात. त्यांतील चौथ्या नियमानुसार एकाच वर्गातील ग्राहकांमध्ये भेदभाव करण्यास अथवा त्यांच्या हक्कांवर परिणाम करणारे मनमानी वर्गीकरण करण्यास मनाई आहे. येथे ‘वर्ग’ म्हणजे काय, हा प्रश्न प्रादेशिक किमतीच्या मुळाशी जातो. भारतातील सर्व ग्राहक एक वर्ग मानला तर रुपयातील एकच किंमत या नियमाला धरून आहे. परंतु भारतीय पत्त्यावर राहणारा आणि परदेशी कार्डाने पैसे भरणारा, किंवा नोकरीनिमित्त दुबईत असलेला आणि सुटीत रत्नागिरीला येणारा ग्राहक कोणत्या वर्गात बसवायचा, हे दुकानाच्या करारावर सोडलेले आहे.

दुसऱ्या बाजूला निर्मातेही आहेत. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा २०२० मधील गेम करणारा नॉडिंग हेड्स हा स्टुडिओ पुण्याचा. अशा लहान स्टुडिओचा ग्राहक जगभर विखुरलेला असतो आणि स्टीमसारख्या दुकानाचा मूळ वाटा विक्रीच्या ३० टक्के असतो. तो उतरतो एक कोटी डॉलरच्या विक्रीनंतर, म्हणजे मोठ्यांसाठीच. तीन डझन चलनांतील किमतींचा दरमहा फेरविचार करणे चार-दहा माणसांच्या संस्थेला शक्य नसते. ती सुचविलेला तक्ता स्वीकारते आणि पुढच्या कामाला लागते. पोलंडमध्ये जे घडले त्याचे उत्तर ‘प्रकाशकांनी लक्ष द्यायला हवे होते’ असे देणाऱ्यांनी ही अडचण ध्यानात घ्यावयास हवी. तक्ता करणाऱ्या दुकानाने तो कोणत्या तारखेच्या विनिमयदरावर व कोणत्या निर्देशांकावर बेतला हे गेमच्या पानावरच किमतीखाली एका ओळीत छापणे अवघड नाही. हजारो पानांवर सवलतीची टक्केवारी आणि मुदत मोठ्या अक्षरांत अशीच आपोआप छापली जाते. पुण्यातील ग्राहकाला आज रुपयांत जी कमी किंमत दिसते ती कोणत्या आधारावर कमी आहे आणि कोणत्या परिस्थितीत काढून घेतली जाईल, याविषयी त्या पानावर एक शब्दही नसतो.